बुद्धिबळात ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ आहे, तरी डाव का फसतो? या चुका टाळा

“पाठ केलेल्या चाली संपल्या आणि डाव गेला,” असं मुलं सांगतात. नोंदवहीतला डाव पुन्हा मांडला की बहुधा दिसतं, गडबड आधीच झाली होती. चाल पाठ होती, तिचं कारण माहीत नव्हतं.

इटालियन नावाचं ओपनिंग घ्या; आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर येतो. उंट आणि घोडा, दोघांचा डोळा एफ७ वर. काळा डी५ खेळतो, पांढरा ते प्यादं मारतो आणि काळ्याचा हात आपसूक घोड्याकडे जातो: त्याने मारलं, आपणही मारू! पांढरा लगेच घोड्याचा बळी देऊन एफ७ मारतो. राजाने घोडा घेतला की वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ चा घोडाही माऱ्यात येतो. तो राखायला राजाला ई६ वर, ऐन पटाच्या मध्यात यावं लागतं. डाव लगेच हरत नाही, पण घड्याळ चालू असताना दहा-बारा वर्षांच्या मुलाने तो सांभाळावा, ही अपेक्षा जरा जास्तच. त्यापेक्षा घोडा ए५ खेळून उंटावर चालून जा. उंटाने बी५ वरून शह दिला तर सी६. एक प्यादं जातं, पण उंटाला पुन्हा हलावं लागतं आणि तेवढ्यात तुमच्या सोंगट्या बाहेर पडतात.

ई४ ई५ नंतर दुसऱ्याच चालीला पांढऱ्याचा वजीर एच५ वर आला की घाबरून जी६ खेळू नका. वजीर ई५ चं प्यादं शह देऊन मारेल आणि कोपऱ्यातला हत्तीही घेईल. आधी घोडा सी६, मग उंट सी४ वर आल्यावर जी६. तिथे घोडा एफ६ खेळलात तर एफ७ वर मात.

चाल पाठ असली तरी हात लावण्याआधी समोरच्याची चाल बघा. वेगळ्या क्रमाने आलेली चाल भराभर खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना राजाला आधी हात लावा, तोही एकाच हाताने. हत्तीला आधी शिवलात तर पंच हत्तीच हलवायला लावतील. राजा माऱ्यातल्या घरावरून नेलात तर ती चाल बेकायदा ठरते, क्लासिकलमध्ये (जास्त वेळेच्या डावात) प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा मिळतात आणि शक्य असेल तर राजाचीच दुसरी चाल करावी लागते.