डेव्हलपरला शिव्या देण्याआधी: घरी फिल्म धुताना आणि स्कॅन करताना या चुका टाळा

“डेव्हलपर खराब निघाला बहुतेक.” पहिला रोल फसला की हे वाक्य ठरलेलं. डेव्हलपर म्हणजे फिल्मवरचं न दिसणारं चित्र उमटवणारं रसायन. त्यातल्या रोडिनालचं पेटंट १८९१ चं, डी-७६ निघाला १९२० च्या दशकात. तेव्हापासून जगभर लोक या दोन्हींत रोल धुतायत, आणि नेमका तुमच्याच पहिल्या रोलला तो दगा देतो होय? खराब होतो, नाही असं नाही. अर्धी रिकामी बाटली झाकण सैल ठेवून सहा महिने विसरलात तर होणारच. पण आजवर माझ्यासमोर आलेले बहुतेक फसलेले रोल रसायन फिल्म धुण्याच्या टाकीत पडण्याआधीच मेलेले होते. उरलेल्यांचं वाटोळं झालं ते स्कॅनरवर. मधली दहा मिनिटं उगाच बदनाम आहेत.

लाल दिवा

ही चूक सिनेमांनी शिकवली. लाल उजेड, दोरीला टांगलेले फोटो, विचारमग्न नायक. तो उजेड कागदावर प्रिंट काढतानाचा असतो. आपण कॅमेऱ्यात घालतो ती बहुतेक फिल्म पॅनक्रोमॅटिक असते, म्हणजे तिला लाल रंगही दिसतो. लाल दिव्यात ती टाकीतल्या खाचांच्या रिळावर चढवायला घेतलीत तर चढेपर्यंत काळी. फक्त ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल न दिसणाऱ्या फिल्मला लाल उजेड चालतो, आणि ती तुमच्या हातात असती तर तुम्हाला हे सांगावं लागलं नसतं. बाकी सगळ्यांना मिट्ट काळोख. खोली अंधारी आहे की नाही हे दिवा घालवल्या घालवल्या ठरवू नका. दहा मिनिटं आत बसा, मग दाराखालची फट, चार्जरचा ठिपका, सगळं दिसायला लागतं. मनगटावरचं घड्याळ बाहेर ठेवून या.

मधली नळी

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर.

अकरावा की बारावा रोल असेल. नवशिका म्हणून सूट मिळायचे दिवस संपले होते. आत्या आणि तिच्या तिघी बहिणी कधी नव्हे त्या एकाच दिवशी एका छताखाली होत्या. चौघींना खिडकीशी बसवून मी अर्धा रोल त्यांच्यावर खर्च केला. संध्याकाळी चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणारी, हात घालायला बाह्या असलेली पिशवी) हात घातले, फिल्म रिळावर चढवली, रीळ टाकीत, वर फनेलचं झाकण, कट्‌ आवाज, हात बाहेर. डेव्हलपर ओतला. टाकी उलटी-सुलटी करताना आत रीळ खडखडत होतं. मला ते ऐकू आलं. ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, झाल्यावर झाकण उघडलं तर फिल्म डांबरासारखी काळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दोष अर्थात डेव्हलपरला दिला. नवी बाटली आणली. पुढच्या रविवारी बॅगेत हात घातला तर तळाशी काहीतरी टणक लागलं. टाकीची मधली काळी नळी, आठवडाभर तिथेच पडून होती.

पॅटरसनसारख्या प्लॅस्टिकच्या टाकीत ही नळी रीळ अडकवायला असते असा सर्रास समज आहे. रीळ ती धरतेच, पण तिचं खरं काम उजेड अडवण्याचं. फनेलमधून पाणी आत जातं, म्हणजे उजेडालाही तीच वाट. फनेल आणि नळी एकमेकांत बसली की ती वाट इतकी वळणाची होते की पाणी जातं, उजेड जात नाही. नळी नसेल तर तुमच्या टाकीला मधोमध भोक आहे असंच समजा.

आता मी दिवा घालवण्याआधी मोठ्याने मोजतो: टाकी, नळी, रीळ, क्लिप, झाकण, कात्री, डबी उघडायचा ओपनर. सात. घरातले हसतात, हसू देत. आणि झाकण लावल्यावर बॅगेची चेन उघडण्याआधी तळ चाचपतो. कात्री, ओपनर आणि रिकामी डबी सोडून तिथे काहीही लागता कामा नये. आत्या अजून विचारते, “आमचे फोटो कुठायत रे?”

ओलं रीळ आणि घामेजले हात

प्लॅस्टिकचं रीळ जरा जरी ओलं असलं तरी फिल्म अर्ध्यात अडकते. जिलेटिन ओल धरतं, चिकट होतं, पुढे सरकत नाही. मग माणूस जोर लावतो. फिल्म खाचेतून निसटते, दुमडते, आणि निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे डाग उमटतात. एकाच दिवशी दोन रोल लागोपाठ धुणाऱ्यांचा हा लाडका अपघात: पहिल्याचं रीळ नुसतं फडक्याने पुसायचं आणि दुसरा रोल चढवायचा. त्यापेक्षा दुसरं रीळ घ्या, नाहीतर दुसरा रोल उद्या धुवा.

बॅगेत अडकलीच फिल्म, तर झटापट करू नका. तुमचे हात जितका वेळ आत, तितकी आतली हवा दमट. फिल्म आहे तशी टाकीत ठेवा, झाकण लावा (नळीसकट!), हात बाहेर काढा, कोरडे करा, दहा मिनिटं काहीतरी दुसरं करा. टाकीत फिल्मला कसलीही घाई नसते.

सरावाला एक रोल बळी द्या. दहा वेळा उजेडात बघून चढवा, मग दहा वेळा डोळे मिटून. सुरुवातीची दोन टोकं कात्रीने किंचित गोलसर केलीत तर सरळ आत शिरते. “एकदा व्हिडिओ बघितला, कळलं” म्हणणाऱ्यांना मी माझा तो काळा रोल हातात देतो आणि डोळे मिटायला सांगतो. आत्या आणि तिच्या बहिणी अशा रीतीने आजवर बऱ्याच जणांच्या हाताखालून गेल्यात.

तापमान

एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (म्हणजे आणखी पाणी न घालता) २० डिग्रीला साडेसात मिनिटं. तीच २४ ला पाच-साडेपाच मिनिटांवर येते. त्याहून गरम पाण्यात वेळ पाचाच्या खाली जातो, आणि इतक्या कमी वेळात फिल्मवर डेव्हलपर सारखा चढत नाही. आकाशात ढगांसारखे पट्टे दिसतात ते त्याचेच. नळाचं पाणी गरम असेल तर जास्त पातळ डेव्हलपर घ्या म्हणजे वेळ वाढेल, किंवा बाटली थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा. डेव्हलपरमध्येच बर्फ टाकणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं.

थर्मामीटर एकच ठेवा. दोन असतील तर दोन आकडे दाखवतील आणि तुमची झोप जाईल. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तो एखादी डिग्री चुकीचा असला तरी चालतं, दर वेळी तितकाच चुकीचा असला म्हणजे झालं. रंगीत फिल्म धुण्याच्या सी-४१ पद्धतीत मात्र डेव्हलपर ३८ डिग्रीला, ३ मिनिटं १५ सेकंद, आणि कोडॅकच्या हिशोबात डिग्रीचा चुकारपणा ±०.१५ इतकाच. घरगुती किट त्याहून बरंच सोसतात. पण पहिलाच रोल रंगीत घेऊन बसणाऱ्याला मी हात जोडतो.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

डेव्हलपर आणि फिक्सर एकाच मापातून. फिक्सरचे चार थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले की बाटली संपली. मापांवर ठळक अक्षरात लिहा, आणि स्वयंपाकातलं भांडं एकदा इकडे आलं की ते परत तिकडे जात नाही.

टाकी कमी भरणे. पॅटरसनच्या टाकीच्या बुडाशी आकडा लिहिलेला असतो: ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली, १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलला ५००. मी ३०० घेतो.

शेकर समजून टाकी हलवणे. इल्फर्डची पद्धत साधी आहे, पहिल्या दहा सेकंदांत चारदा उलटी करा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. टाकी खाली ठेवताना टकटक आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. जोरात हलवलीत तर भोकांजवळ गडद पट्टे येतात.

डेव्हलपरच्या आधी टाकीत घालून ओतून टाकलेल्या पाण्याचा हिरवा-निळा रंग बघून घाबरणे. फिल्मच्या मागचा रंग निघतो, बाकी काही नाही.

वेटिंग एजंट (शेवटच्या पाण्यात घालायचं, थेंबांचे डाग टाळणारं द्रावण) “थोडा जास्त” घालणे. २०० ला १ म्हणजे २०० ला १. फिल्म रिळावरून काढून मगच त्यात बुडवा, नाहीतर रीळ कायमचं चिकट होतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या क्षारांचे ठिपके वाळल्यावर फिल्मवरून निघता निघत नाहीत.

हेअर ड्रायर. नको.

निगेटिव्हची कड वाचत नाहीत

आता माझं खरं दुखणं. मध्यंतरी एका मुलाने विचारलं, “दादा, निगेटिव्ह फिकी येतात. तीन डेव्हलपर बदलून झाले, आता चौथा कोणता घेऊ?” पाठवले होते ते स्कॅन. मी म्हटलं, स्कॅन नको, फिल्म खिडकीपुढे धर आणि फक्त कडेचा फोटो पाठव. भोकांजवळची फिल्मच्या नावाची अक्षरं, फ्रेमचे आकडे सगळे ठसठशीत काळे. चित्र मात्र पाण्यासारखं. म्हटलं, कॅमेऱ्याचा आयएसओ किती आहे? बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: “१६००.” फिल्म ४०० ची. दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांशच उजेड, आणि शिक्षा तीन डेव्हलपरना.

ती अक्षरं कारखान्यातच फिल्मवर उजेडाने उमटवलेली असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा, मीटरचा, लेन्सचा त्यांच्याशी संबंध नाही. ती दिसतात फक्त डेव्हलपरमुळे. म्हणजे साक्षीदार फिल्मच्या कडेवरच बसलाय, त्याला विचारायचं.

अक्षरं काळी पण चित्र फिकं: कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही फिकी: डेव्हलपिंग कमी झालं, वेळ, तापमान किंवा प्रमाण तपासा. अक्षरं नीट आणि चित्र मुळीच नाही: फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही, टोक स्पूलमधून निसटलं. कडेसकट सगळं काळं: उजेड लागला, नळी आठवा. आणि कडेसकट सगळं कोरं, काचेसारखं पारदर्शक: फिक्सर आधी ओतलात, नाहीतर डेव्हलपर मेलेला होता. या एकाच ठिकाणी त्याला शिव्या द्यायची परवानगी आहे. एक्सटॉलसारखे काही डेव्हलपर रंगही न बदलता मरतात, म्हणून जुन्या बाटलीवर शंका असेल तर रोल धुण्याआधी फिल्मचा एक तुकडा उजेडातच तिच्यात टाका. काळा झाला तर जिवंत.

फिल्म दुधाळ दिसली तर फिक्सर कमी पडला. घाबरू नका, उजेडातही परत फिक्सरमध्ये घालता येते. टी-मॅक्स आणि डेल्टा या फिल्मना फिक्सर मुळातच जास्त वेळ लागतो. कमी पडला तर जांभळट झाक राहते. फिक्सरचाही तुकडा टाकून अंदाज घ्या: किती वेळात पारदर्शक होतो ते बघा, त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो फिक्सर बाद. बाद झालेल्यात चांदी असते, तो मोरीत ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढून घेणाऱ्या लॅबला द्या.

स्कॅनरवरचे गुन्हे

स्कॅन बघून निगेटिव्हवर निकाल देऊ नका. स्कॅनरचं ऑटो करेक्शन फिकी फिल्म उचलून धरतं आणि चांगली फिल्म बिघडवतं. ते बंद करा. काळ्या-पांढऱ्याचे दोन्ही टोकांचे तपशील शाबूत राहतील असा सपाट, १६ बिटचा स्कॅन घ्या. सपाट म्हणजे दिसायला मरगळलेला. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो, कापला गेलेला उजेड परत येत नाही.

धूळ काढणारं डिजिटल आइस ब्लॅक अँड व्हाइटला चालू ठेवणं ही तर रोजची गोष्ट. ते इन्फ्रारेडवर चालतं. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, चांदी जाऊ देत नाही. मग सॉफ्टवेअरला चित्रच धूळ वाटतं आणि ते नाक-डोळे पुसायला लागतं. सी-४१ मध्ये धुतलेल्या एक्सपी२ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला ते चालतं, कारण तिच्यात शेवटी चांदी उरत नाही. बाकी ब्लॅक अँड व्हाइटला ब्लोअर आणि मऊ ब्रश.

स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) लिहिलंय म्हणून तेवढंच लावायचं नसतं. ३५ मिमीची फ्रेम २४०० ला साधारण ३४००×२२७० होते, जवळपास ७७ लाख पिक्सेल. ६४०० ला साडेपाच कोटी होतात, पण फ्लॅटबेडची (सपाट काचेच्या स्कॅनरची) लेन्स तेवढं काही बघत नाही. मी एकदा अख्खा रोल तसा लावून झोपलो. सकाळी छत्तीस अजस्र फायली, प्रत्येकीत एक कोपरा धूसर, कारण फिल्म वाकलेली होती. आता आधी पट्ट्या जाड पुस्तकाखाली दोन दिवस, मग स्कॅन.

कॅमेऱ्याने स्कॅन करणारे टॅबलेटच्या पडद्यावर फिल्म टेकवतात आणि चित्रात जाळी का दिसते म्हणून विचारतात. पडद्याचे पिक्सेल आहेत ते. फिल्म दोन-तीन इंच वर उचला. कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे बघायला लेव्हलच्या बुडबुड्यावर विसंबू नका. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सला स्वतःचा डोळा बरोबर मधोमध दिसला पाहिजे. फ्रेमच्या भोवतीचा मोकळा उजेड काळ्या कागदाने झाका. आणि रंगीत निगेटिव्हची नारिंगी कड कापू नका, तिच्यावरूनच रंग बरोबर उलटतात. ती कड चित्रातून काढायची ती अगदी शेवटी, फाइल सेव्ह करताना.