केरासच्या घाटात सायकल नेताय? या चुका टाळा

सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून वाहनतळापर्यंत जेमतेम नऊ किलोमीटर, चढाई सुमारे ६०० मीटर. पुण्याकडचे बहुतेक सायकलस्वार घाट चढायला तिथेच शिकतात. तासाभराचा खेळ असतो, त्यामुळे सुरुवातीपासून जोर लावला तरी निभावतं. आल्प्समध्ये हीच सवय अंगाशी येते.

मी हे केरासबद्दल लिहितोय. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सीमेला लागून असलेलं हे निसर्ग उद्यान १९७७ साली स्थापन झालं. आपल्या अभयारण्यासारखं फाटक नाही, तिकीट नाही. आत गावं आहेत, कुरणं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत आणि डोंगराच्या कडेने जाणारे उत्तम डांबरी रस्ते. त्यातले दोन घाट सायकलवाल्यांना खुणावतात: २३६० मीटरवरचा इझोआर आणि २७४४ मीटरवरचा आन्येल. आन्येलच्या माथ्यावर पलीकडे इटली सुरू होते.

सोप्या रस्त्यावर केलेली उधळपट्टी

इझोआरला गियेस्त्र गावातून निघालात, तर माथा ३० किलोमीटरहून लांब आहे. पहिला टप्पा गिल नदीच्या अरुंद दरीतून जातो. चढ इतका हलका की ताजे पाय आपोआप वेग घेतात. पहिल्या वेळी मीही इथे जोरात गेलो आणि त्याची किंमत पुढे मोजली.

दरी संपते, रस्ता डावीकडे वळतो आणि आर्व्यू गाव लागतं. त्यापुढचा लांबलचक सरळ पट्टा सगळ्यांत फसवा. एकही वळण नाही, त्यामुळे डोळ्यांना तो सपाट वाटतो. सायकल मात्र पुढे सरकत नाही. ब्रेक घासतोय का, चाक पंक्चर झालंय का, म्हणून लोक उतरून बघतात. सायकल ठीक असते, फक्त चढ वाढलेला असतो. इथे गियर उतरवा आणि मान खाली घालून चालवत राहा.

ब्रुनिसार हे वाटेतलं शेवटचं गाव. तिथून माथा अजून सुमारे ६०० मीटर उंच आहे, म्हणजे दोन तास पाय झिजल्यावर अख्खा सिंहगड पुढे उभा! २०१७ साली टूर द फ्रान्सचा टप्पा या माथ्यावर संपला, तेव्हा शेवटचे १४.१ किलोमीटर सरासरी ७.३ टक्के चढाचे मोजले होते. पाइनच्या जंगलातली वळणं संपली की 'कास देझेर्त' येतं. पिवळट घसरडा मुरूम, त्यातून वर आलेले खडकांचे सुळके आणि कडेच्या खडकावर फाउस्तो कोप्पी व लुइझों बोबे या जुन्या नामवंत सायकलपटूंची स्मृतिशिळा. इथे रस्ता थोडा उतरतो. माथा आला असं समजून उरलीसुरली ताकद इथे उधळू नका, अजून सुमारे दोन किलोमीटर चढ बाकी आहे.

उपाय साधा आहे. पहिला तास शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्याच जोराने चालवा. पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर घरचा आकडा इथे धरू नका. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच असतो, म्हणजे ऑक्सिजनही पाव हिस्सा कमी मिळतो.

गियरचा हिशोब घरीच करा

पुढच्या चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८, म्हणजे मिनिटाला साठ पायडल मारले तर वेग ताशी सुमारे ९.२ किलोमीटर. सायकलसकट ८० किलो वजन ९ टक्के चढावर या वेगाने न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणासाठीच १८० वॉट लागतात. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) लावली, तर पायडलच्या तेवढ्याच गतीला वेग साडेसातवर येतो आणि गरज १५० वॉटच्या आसपास. हा फरक तासन् तास गुडघ्यांवर पडत असतो. आन्येलचे शेवटचे किलोमीटर ९-१० टक्क्यांचे आहेत. 'मी २८ वर सगळे घाट चढलोय' हा अभिमान तिथे कामाचा नाही. मोठी कॅसेट लावा, आणि डिरेल्युअरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ती झेपते का हे दुकानातच विचारून घ्या.

उताराची तयारी नाही, तर चढण्यात अर्थ नाही

सगळ्यांत गंभीर चुका उतारावर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गियेस्त्रमध्ये २८ अंश असेल तर आन्येलवर १७च्या आसपास. ऐकायला ठीक वाटतं. पण घामाने चिंब जर्सी आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा एकत्र आला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. आन्येलवरून उतरताना माझ्या बोटांना ब्रेकचा लिव्हर हाताखाली आहे की नाही, हेच कळेनासं झालं होतं. डोळ्यांनी बघून बोटं त्यावर ठेवावी लागत होती. एका वळणाच्या आत थांबलो, हात काखेत धरले आणि दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. तेव्हापासून ऐन जुलैतही पूर्ण बोटांचे हातमोजे आणि विंडचीटर खिशात असतात. विंडचीटर माथ्यावरच घाला, गारठा लागायची वाट बघू नका. काहीच जवळ नसेल तर वर्तमानपत्र जर्सीच्या आत छातीवर सरकवा. हा व्यावसायिक सायकलपटूंचा जुना उपाय आहे, आणि तो लागू पडतो.

याच उतारावर २०१६ च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीत आघाडीवाल्याच्या गुलाबी जर्सीतला स्टीव्हन क्रौसवाइक कडेच्या बर्फाच्या भिंतीवर आदळला आणि आघाडी गमावून बसला. तो मे महिना होता. असे घाट हिवाळाभर बंद असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात. घाट उघडा की बंद, हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेलं असतं. 'फेर्मे' म्हणजे बंद. तो वाचून मगच पुढे जा.

भाड्याच्या सायकलवर आणखी एक धोका असतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. घाबरून हात चालतो तो सवयीने, आणि पुढचं चाक अडकतं. पहिल्या दिवशी अर्धा तास मोकळ्या सपाट जागेत ब्रेक लावून बघा. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी ताठ बसा, वाऱ्याला वेग तोडू द्या, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा आणि वळणात शिरताना सोडा.

शिवाय वाहतूक उजवीकडून चालते. गर्दीत हे विसरायला होत नाही. विसरायला होतं ते रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढून पुन्हा निघताना. मी हँडलबारवर उजवीकडे पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो. निघताना नजर तिथे जाते आणि बाजू आठवते.

वेळ, पाणी आणि कुत्रे

उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात, विजा कडाडतात. सकाळी सातला निघा. उशिरा निघालात तर परतताना दरीतला दुपारचा वारा तोंडावर येतो आणि उतारालाही पायडल मारावे लागतात.

गावागावांत वाहते हौद आहेत, सें-वेरां गावातले लाकडी हौद तर बघण्यासारखे. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. इझोआरसाठी बाटल्या ब्रुनिसारमध्ये भरा. दुकानं दुपारी बंद असतात, त्यामुळे खाऊ सकाळीच खिशात हवा. घरून नेलेली चिक्की आणि खजूर मला सायकलवाल्यांच्या कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा बरे वाटतात.

कळपासोबत 'पातू' नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. लांडगे फ्रान्सच्या आल्प्समध्ये १९९२ साली परतले, तेव्हापासून त्यांची गरज वाढली. असा कुत्रा भुंकत आला तर जोरात पायडल मारत पळू नका, तो पाठलाग करेल. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा, आरडाओरडा न करता कळपाला वळसा घालून चालत जा.

मधेच बिघडलं तर

अंगात थरथर सुटून सायकलच हलायला लागली, तर उतरून चालत खाली जा. चालल्याने अंग गरम होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सावलीत बसून गोड खा आणि पंधरा मिनिटं उठू नका. दरीत बोगदे आहेत, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. फोनला रेंज प्रत्येक वळणावर मिळेलच असं नाही, मिळेल तिथे आपत्कालीन क्रमांक ११२. आणि इझोआर ओलांडून पलीकडच्या ब्रियांसों शहरात उतरलात, पाय संपलेत, तर ट्रकांच्या महामार्गावरून गियेस्त्रपर्यंत रखडत येऊ नका. ब्रियांसोंहून मों-दोफें-गियेस्त्र स्टेशनसाठी प्रादेशिक रेल्वे आहे, आणि तिच्यात सायकल नेता येते.