यूव्हीपीडीत उतरताना: लेझरच्या आधी वही

पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) आयन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये अतिनील लेझरने तोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजायचं तंत्र, म्हणजे यूव्हीपीडी, शिकायला आलेल्यांकडे माझा एकच आग्रह असतो: लेझर सुरू करण्याआधी वही उघडा. मी सब्स्टन्स पी देते. अकरा अमिनो आम्लांचा हा पेप्टाइड सहज मिळतो. त्याचे सगळे संभाव्य तुकडे हाताने मांडा: साखळीच्या सुरुवातीकडचे (एन-टोक) ए, बी, सी आणि शेवटाकडचे (सी-टोक) एक्स, वाय, झेड. त्याच्या सी-टोकाला आम्लाऐवजी अमाइड आहे, त्यामुळे वाय आणि एक्स तुकडे नेहमीच्या सूत्रापेक्षा ०.९८४ डाल्टनने हलके येतात. ही गोष्ट एकदा स्वतः आकडेमोड करून कळली की कायमची लक्षात राहते.

वही कशासाठी? सीआयडीमध्ये, म्हणजे टकरीने तोडायच्या नेहमीच्या पद्धतीत, आयन वायूच्या रेणूंवर आपटत हळूहळू तापतो आणि बहुधा पेप्टाइड बंधाशीच तुटतो. बी आणि वाय शोधले की काम भागतं. १९३ नॅनोमीटरचा एक फोटॉन मात्र ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट एका झटक्यात देतो, आणि तो शोषून घेतो खुद्द पेप्टाइड बंध. मग अल्फा कार्बन आणि कार्बोनिल यांच्यामधला बंधही तुटतो. ए आणि एक्स तर येतातच, शिवाय बी, वाय, सी, झेडही. एखादा हायड्रोजन इकडचा तिकडे झालेले ए अधिक १ सारखे तुकडेही दिसतात. बाजूच्या साखळ्यासुद्धा तुटतात. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं, पण साखळी तुटताना ल्युसीन ४३.०५५ गमावतं आणि आयसोल्युसीन २९.०३९. हा फरक स्पेक्ट्रममध्ये (वस्तुमानांच्या आलेखात) पहिल्यांदा स्वतः शोधून काढण्याचा आनंद मोठा असतो.

पण वाटा इतक्या असल्या की सिग्नलही तितक्याच वाटांनी विभागला जातो. प्रत्येक शिखर बुटकं राहतं. नवखा माणूस इथे लेझरची ऊर्जा किंवा पल्सची संख्या वाढवतो. तसं करू नका. तयार झालेले तुकडेही प्रकाश शोषतात, पुन्हा तुटतात, आणि शेवटी उरतो तो बारीक आयनांचा चुरा. मूळ आयनाचा बराचसा भाग शाबूत राहिलेला मला आवडतो. सिग्नल हवा असेल तर ट्रॅपमध्ये, म्हणजे आयन अडकवून ठेवायच्या भागात, आयन जास्त घ्या, जास्त स्कॅनची सरासरी काढा.

लेझर कोणता, हे प्रयोगशाळाच ठरवते. १९३ साठी आर्गॉन फ्लोराइडचा एक्सायमर, म्हणजे वायूवर चालणारा लेझर, लागतो. त्यात फ्लोरीन, शिवाय किरणमार्गात ऑक्सिजनपासून ओझोन. म्हणून बंदिस्त मार्ग, नायट्रोजनचा प्रवाह आणि गॅसचं प्रशिक्षण यांत सूट नाही. २१३ चा घन लेझर शिकायला सोपा. १०६४ नॅनोमीटरचा तो पाचवा हार्मोनिक (वारंवारता पाचपट), फोटॉन ५.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. २६६ वर मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन हेच शोषतात, त्यामुळे तिथली अपेक्षा वेगळी ठेवा. किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घाला.

वाचायला टेक्सास विद्यापीठातल्या जेनिफर ब्रॉडबेल्ट यांचे लेख घ्या, आणि १५७ नॅनोमीटरसाठी इंडियानातल्या जेम्स रायली यांचे.

दर नमुन्याला शटर बंद ठेवून, ट्रॅपमध्ये तेवढाच वेळ धरलेला एक स्पेक्ट्रम नोंदवा. त्यात दिसलेलं शिखर लेझरच्या खात्यावर मांडायचं नाही. सॉफ्टवेअरला तुकड्यांचे सगळे प्रकार एकदम शोधायला सांगितलं की खोट्या जुळण्याही वाढतात, तेव्हा वस्तुमानाची मर्यादा घट्ट ठेवा आणि ज्या जागेबद्दल शंका आहे तिथे ए आणि एक्स दोन्ही मिळतात का, ते वहीतून तपासा.