दिवसभर घालून बसायचाय? मग हेडसेट असा निवडा

हेडसेट घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं गाणं लावून देतो, बेस भारी वाटतो आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. पण ज्याला रोज सात-आठ तास कॉलवर बसायचंय, मग तो सपोर्टचा जॉब असो, ऑनलाइन क्लास असो की घरून ऑफिस, त्याने आवाज सगळ्यात शेवटी बघावा. आधी डोकं, कान आणि माईक.

पहिलं वजन. बॉक्सवर नाहीतर कंपनीच्या साइटवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ऑफिससाठी बनवलेले वायरवाले हेडसेट साधारण १०० ते २०० ग्रॅममध्ये येतात, गेमिंगवाले मोठ्या कपचे ३०० च्या आसपास आणि काही त्याच्याही वर. हातात धरलं तर दोन्ही हलकेच वाटतात, फरक जेवणानंतर कळायला लागतो, टाळूवर एकाच जागी टोचायला लागतं आणि मान जड होते. म्हणून वरच्या पट्टीला आतून गादी आहे का आणि ती रुंद आहे का हे बोटाने दाबून बघा.

मग पकड. घट्ट असला की कानाच्या वर दुखतं, सैल असला की खाली बघितलं तरी घसरतो. घालून मान खाली घाला, दोन्हीकडे हलवा, जागचा हलला नाही आणि जबडा उघडताना कुठे दाबही जाणवला नाही की पकड बरोबर. हे दोन मिनिटांत कळत नाही, निदान पंधरा-वीस मिनिटं घालून बसावं लागतं. नाशिकच्या एमजी रोडला संध्याकाळच्या गर्दीत कोण तुम्हाला तेवढं बसू देणार, त्यामुळे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा आणि सरळ सांगा की दादा, दिवसभर वापरायचाय, डेमो पीस असेल तर दाखवा. डेमो नसेल तर मित्राचा किंवा ऑफिसातला मागून एक दिवस वापरून बघा. ऑनलाइन मागवत असाल तर आधी हे वाचा की वस्तू आवडली नाही तर पैसे परत मिळतात का फक्त रिप्लेसमेंट, कारण टोचणाऱ्या हेडसेटच्या बदल्यात तसाच दुसरा टोचणारा मिळून उपयोग काय.

चष्मावाल्यांनी जास्त जपून घ्या. कानावर टेकणारे छोटे पॅड कान चष्म्याच्या काडीवर दाबतात आणि तासाभरात कानामागे ठणका लागतो. पूर्ण कान आत जाईल असा मोठा कप आणि मऊ, जाड पॅड असेल तर त्रास खूप कमी होतो. ट्रायल घेताना रोजचा चष्मा घालूनच जा, लेन्स लावून नको.

पॅडच्या कापडाबद्दल कोणी बोलत नाही पण आपल्याकडे तोच मुद्दा मोठा आहे. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा रेग्झिनसारख्या पॅडमध्ये कान अक्षरशः भिजतात, आणि घामाने ते रेग्झिन काही महिन्यांत सोलायलाही लागतं, काळे तुकडे केसात आणि कॉलरवर. कापडी किंवा जाळीदार पॅड हवेशीर असतात, फक्त ते बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येऊ देतात. कोणतेही घ्या, पण पॅड निघतात का आणि त्या मॉडेलचे सुटे मिळतात का हे विचारून घ्या.

आता माईक, आणि इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बॉक्सवर नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं ते दोन वेगळ्या गोष्टींसाठी असू शकतं. एएनसी म्हणजे तुमच्या कानाला बाहेरचा आवाज कमी ऐकू येतो, समोरच्याला त्याचा काही फायदा नाही. समोरच्याला तुमच्या घरातली कुकरची शिट्टी, खालचा भाजीवाला, २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्याची खोदाई किंवा गणपतीच्या आधी सुरू होणारी ढोल पथकांची प्रॅक्टिस ऐकू जाऊ नये असं वाटत असेल तर नॉइज कॅन्सलिंग माईक पाहिजे, आणि तोही दांडीवर तोंडाजवळ येणारा. वायरवर लटकणारा किंवा कपमध्ये दडवलेला माईक तोंडापासून लांब असतो त्यामुळे तो खोलीतलं सगळंच उचलतो. दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब आणि जरा खाली ठेवा, अगदी तोंडासमोर ठेवली तर श्वासाचे फटके ऐकू जातात. उन्हाळ्यात पंखा बंद करून तर कोणी बसणार नाही, म्हणून माईकवर फोमची टोपी असलेली बरी, वाऱ्याची घरघर कमी होते.

वायर की ब्लूटूथ? दिवसभराच्या कॉलसाठी माझं मत वायरवाल्या यूएसबीला. ब्लूटूथवर गाणं छान वाजतं पण कॉलसाठी माईक चालू झाला की बहुतेक हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात आणि तोच आवाज एकदम जुन्या फोनसारखा दबका होतो, त्यात पीस खराब नसतो, पद्धतच तशी आहे. शिवाय चार्जिंगचं टेन्शन वेगळं. चहाला उठत उठत बोलायची सवय असेल तर ज्याच्यासोबत स्वतःचा यूएसबी डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर, येतो असा वायरलेस घ्या. ३.५ एमएमची पिन घेणार असाल तर जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी होल असतात, तिथे एकाच पिनचा हेडसेट लावला तर माईक चालत नाही, एका पिनच्या दोन करणारा स्प्लिटर लागतो. यूएसबीत ही भानगडच नाही.

एका कानाचा हेडसेटही विचारात घ्या, विशेषतः घरी लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर. दाराची बेल ऐकू येते, हाक ऐकू येते, आणि दर तासाला कान बदलता येतो, उष्णताही निम्मी. गोंगाटाच्या ऑफिसात मात्र दोन कानांचाच बरा.

साइडटोन नावाचं एक फीचर असतं, म्हणजे स्वतःचा आवाज हलकासा स्वतःच्या कानात ऐकू येणं. कान बंद असले की माणूस नकळत मोठ्याने बोलतो आणि संध्याकाळी घसा बसतो, क्लास घेणाऱ्या सर-मॅडमना हे चांगलंच माहितीये. म्हणून साइडटोन असेल तर चालू ठेवा. व्हॉल्यूमची पण काळजी घ्या, डब्ल्यूएचओने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितलीये आणि आपले कॉलचे तासच तेवढे भरतात, त्यामुळे आवाज कमीच बरा.

बजेट म्हणाल तर रोजच्या कामाला दोन-तीन हजारांच्या आसपास बऱ्यापैकी यूएसबी हेडसेट मिळून जातो, वायरवरच म्यूटचं बटण असलेला बघा.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये पंखा चालू ठेवून मिनिटभर बोला आणि ऐका. मग रिटर्नची मुदत आहे तोवर रोज पूर्ण शिफ्ट तोच घालून काढा. थोडा घट्ट वाटला तर रात्री डोक्यापेक्षा जरा रुंद असा पुस्तकांचा गठ्ठा करून त्यावर चढवून ठेवा, पट्टी हळूहळू सैल होते, फक्त प्लास्टिकच्या जोडाला फार ताण देऊ नका. एवढं करूनही कानामागे दुखत असेल तर सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका, मुदत संपायच्या आत बिलासकट परत करा.