रिपॉझिटरी आणि ॲपसाठी वेगळे डेटाबेस युजर: या चुका टाळा

समजा, कळंगुटच्या हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एकाच डेटाबेसमध्ये रिपोर्ट टूलची रिपॉझिटरी (नमुने, शेड्यूल, लॉग) आणि ॲपची टेबलं (बुकिंग, पाहुणे, बिलं) आहेत. दोन्हींना एकच युजर (लॉगिनचं खातं) दिला, तर टूलच्या अपग्रेड स्क्रिप्टला बुकिंगचं टेबल उडवायचाही अधिकार मिळतो. म्हणून युजर वेगळे हवेतच.

सगळ्यात महागात पडते ती मालकीची चूक. टेबल बनवणारा युजर त्याचा मालक होतो आणि मालकाला ते ड्रॉप करता येतं. ॲप ज्या युजरने रोज लॉगिन करतं, त्याने मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) चालवू नका. टेबलं बनवायला 'ॲप_ओनर', फक्त वाचा-लिहायला 'ॲप_रन' ठेवा. रिपॉझिटरीचं टूल आपली टेबलं स्वतःच बदलतं, त्यामुळे तिथली मालकी त्याच्याच युजरकडे राहू द्या, मात्र वेगळ्या स्कीमात (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा).

मग 'परमिशन डिनाइड' येतं, एरर कोड ४२५०१. टेबलावर सिलेक्ट (वाचायचा अधिकार) दिलं, पण स्कीमावर यूसेज (वापरायचा अधिकार) द्यायचं राहिलं, हे नेहमीचं कारण. सिरीयल कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तर तो क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सवरही यूसेज लागतं. नाहीतर वाचता येतं आणि इन्सर्ट अडकतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे आज सगळं चालतं आणि पुढच्या रिलीजमधलं नवं टेबल ॲपला वाचता येत नाही. 'ग्रँट ऑन ऑल टेबल्स' फक्त त्या क्षणी असलेल्या टेबलांना लागू होतं. पुढच्यांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' हवं, आणि त्यात 'फॉर रोल ॲप_ओनर' (रोल म्हणजे इथे युजरच) लिहायलाच हवं. ते गाळून सुपरयुजरने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) कमांड चालवली, तर नियम सुपरयुजरच्या टेबलांपुरता राहतो. एररही येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये 'बॅकस्लॅश डीडीपी' देऊन ओनरच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा.

दोन्हीकडे 'युजर्स' नावाचं टेबल असेल तर सर्च पाथमध्ये (टेबल शोधायच्या स्कीमांची क्रमवार यादी) आधी असलेल्या स्कीमातलं उघडतं. प्रत्येक रोलला त्याचाच सर्च पाथ द्या, आणि नंतर कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) रीस्टार्ट करा, कारण बदल नव्या सेशनलाच लागतो. पोस्टग्रेसच्या २०२२ च्या आवृत्ती १५ पासून, आधीपासूनच असलेल्या पब्लिक स्कीमात टेबल बनवायची मुभा सगळ्या युजरना आपोआप मिळत नाही. पण जुना डेटाबेस अपग्रेड केला असेल तर जुनी मोकळीक तशीच राहते. ती हाताने रिव्होक करा (काढून घ्या).

दोन युजर म्हणजे दोन पूल. कनेक्शनची मर्यादा सहसा १०० असते, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. दोन्ही पूल ५०-५० चे ठेवले तर डिसेंबरच्या गर्दीत शेवटची काही कनेक्शन नाकारली जातील. ॲपला ६०, टूलला १५ पुरे. उरलेली बॅकअप आणि मायग्रेशनसाठी सोडा.

एक गोष्ट आराखड्यातच ठरवा: वेगळ्या कनेक्शनवरचे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतात किंवा एकही होत नाही असा गट) येत नाहीत. बुकिंग आणि रिपॉझिटरीतली नोंद एकत्रच कमिट व्हायला हवी असेल, तर 'ॲप_रन'ला त्या स्कीमावर यूसेज आणि त्या एकाच टेबलावर इन्सर्ट द्या (सिरीयल कॉलम असेल तर सिक्वेन्सवर यूसेजही), बाकी काही नाही.