लाकडी होडीचं मॉडेल: रंगाआधीच होणाऱ्या चुका

रंग नीट बसला नाही की आपण ब्रशला नाहीतर डब्याला दोष देतो. बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी, फळ्या लावताना झालेली असते.

माझ्या पहिल्या मचव्याची डावी बाजू मी एका रविवारी पूर्ण लावून टाकली, उजवी पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात गोंद सुकताना ओढला गेला आणि कण्याला, म्हणजे होडीच्या तळाच्या मधल्या लांब लाकडाला, पीळ बसला. तो काही केल्या निघाला नाही. आता एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे लावतो, आणि तोवर कणा सपाट पाटावर घट्ट बसवलेला ठेवतो.

दुसरी चूक नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी होते. होडीचा घेर मध्यावर जास्त, टोकाला कमी. मधल्या फ्रेमची (पट्ट्या जिच्यावर बसतात त्या आडव्या फासळीची) कड ६० मिमी असेल तर ५ मिमीच्या १२ पट्ट्या बसतात. नाळेजवळ कड ३६ मिमीच उरली, तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमी हवी. हे आधी मोजून पट्ट्या तासल्या नाहीत, तर त्या एकमेकींवर चढतात. वाकवण्यासाठी भिजवलेली पट्टी ओलीच चिकटवू नका. चिमटे लावून आकारात पूर्ण सुकू द्या, नाहीतर आकसून फटी पडतात.

फटी पडल्याच तर पुटी पातळ थरांत भरा. मग १८० ते ३२० नंबरचा पॉलिशपेपर, सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा रंगाआधीचा थर), आणि पुन्हा ३२०. सीलरच्या पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून ही दुसरी घासाई चुकवू नका. टॉर्च आडवा धरून बघा, उंचवटे लगेच दिसतात.

पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट सुकणारं वॉर्निश, मारलं की पृष्ठभाग दुधाळ होतो, कारण थिनर उडताना गारव्याने हवेतलं बाष्प त्यावर जमतं. कोरड्या दिवशी थिनरचा हलका फवारा दिला की बहुधा ते साफ होतं. इनॅमलवर (ऑइल पेंटवर) मात्र लॅकर कधीच नको, खालचा रंग सुरकुततो.

पाणरेषेसाठी, म्हणजे होडी पाण्यात जिथवर बुडते त्या रेषेसाठी, टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग पुसटसा फिरवा. कडेखालच्या बारीक फटी त्यानेच बुजतात आणि नवा रंग आत झिरपत नाही. टेप काढताना तिला स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढा.