यूकेत टेम्प (तात्पुरतं काम करणाऱ्या) डेंटल नर्सची फाइल ‘हिपॅटायटिस बी अपूर्ण’ म्हणून परत येत असेल तर

माझं जीडीसी (तिथली जनरल डेंटल कौन्सिल) रजिस्ट्रेशन चालू, हिपॅटायटिस बी लसीच्या तीन डोसचं सर्टिफिकेट जोडलेलं, तरी यूकेतली एजन्सी फाइल परतच पाठवत होती. पुण्यात आले तेव्हा सर्टिफिकेट परत स्कॅन केलं, एचबीएसएजी टेस्ट केली, काही नाही, फार वैताग आला. एचबीएसएजी फक्त इन्फेक्शन आहे का ते सांगते, त्यांना हवा असतो इम्युनिटीचा आकडा. मग सदाशिव पेठेत लॅबमध्ये आधी कागदावर ‘अँटी-एचबीएस, क्वांटिटेटिव्ह’ (हीच इम्युनिटीचा आकडा देणारी टेस्ट) असंच लिहून दिलं (नुसतं हिपॅटायटिस बी म्हणू नका), मग नाव पासपोर्टप्रमाणे घालून घेतलं, रिपोर्टवर आकडा, युनिट, तारीख, सही बघितली आणि सर्टिफिकेटसोबत एकाच पीडीएफमध्ये पाठवलं. फाइल पास. तिकडे १० mIU/mL च्या खाली लसीला प्रतिसाद नाही असं धरतात, १०० च्या वर उत्तम, मधे असेल तर एक जादा डोस. शेवटचा डोस नुकताच झाला असेल तर टेस्ट एक-दोन महिन्यांनी करा.